श्रोत्यांचे गाव : ‘द लॉटरी’च्या उघड्यावरील वाचनाविषयी

१

लघुकथा ही एकट्याने वाचायची गोष्ट आहे, हे गृहीतक लघुकथाविषयक विचारात इतके रुजलेले आहे की ते एक गृहीतक आहे याचाही आपल्याला विसर पडतो. हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना १८४२ साली एडगर अ‍ॅलन पो याने एका बैठकीत वाचून होणाऱ्या कथेचा आणि तिच्या एकात्म परिणामाचा विचार मांडला. त्या विचारात वाचकाचा एकान्त अध्याहृत होता : बाहेरचा व्यत्यय नाही, शेजारी कोणी नाही, संहिता आणि वाचक एवढेच आहेत. मराठी नवकथेच्या समीक्षेनेही बहुतांशी असाच वाचक डोळ्यांसमोर ठेवला. पुढे वाचककेंद्री सिद्धान्तांनी वाचकाला अर्थनिर्मितीत वाटा दिला. परंतु वोल्फगांग इझरचा ‘अभिप्रेत वाचक’ झाला तरी तो एकवचनीच राहिला. वॉल्टर आँग याने १९८२ च्या आपल्या ग्रंथात एक साधे पण महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले आहे : श्रोत्यांसाठी भाषेत समूहवाचक नाम सहज सापडते, वाचकांसाठी ते तसे सापडत नाही. ऐकणारे एकत्र असतात, वाचणारे सुटे असतात.

आता या सुट्या वाचकासाठी छापली गेलेली एखादी अभिजात कथा उघड्यावर, भर दिवसा, जमलेल्या लोकांसमोर मोठ्याने वाचली गेली, तर काय घडते? ती तीच कथा राहते काय? हा प्रश्न प्रस्तुत लेखात शर्ली जॅक्सनच्या ‘द लॉटरी’ या कथेच्या अनुषंगाने तपासावयाचा आहे. ही निवड सोयीची नाही, अर्थपूर्ण आहे. ‘न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकाच्या २६ जून १९४८ च्या अंकात ती प्रसिद्ध झाली. कथेतील घटना २७ जूनच्या सकाळी घडते. ज्या नॉर्थ बेनिंग्टन या व्हरमाँट राज्यातील गावात जॅक्सन राहत होती, तेथे गेल्या काही वर्षांत २७ जून हा दिवस तिच्या नावाने पाळला जातो आणि तिच्या लेखनाचे वाचन होते. म्हणजे एका वार्षिक विधीविषयीची कथा स्वतःच वार्षिक विधीचा विषय झाली आहे. मात्र येथे एखाद्या विशिष्ट कार्यक्रमाचा वृत्तान्त अभिप्रेत नाही. संहिता आणि तिच्या उघड्यावरील वाचनाचा प्रकार यांच्यातील नाते समजून घेणे, एवढाच हेतू आहे.

२

कथेचा घटनाक्रम सुपरिचित आहे. सुमारे तीनशे वस्तीचे गाव; टपाल कचेरी आणि बँक यांच्यामधला चौक; निरभ्र, उन्हाळी सकाळ. मुले आधी जमतात, दगड गोळा करतात, एका कोपऱ्यात ढीग रचतात. मग पुरुष येतात, मग बायका. काळ्या पेटीतून कुटुंबप्रमुख चिठ्ठ्या काढतात. हचिन्सन कुटुंबाचे नाव निघते. मग त्या कुटुंबातील पाच जण पुन्हा चिठ्ठ्या काढतात. ठिपक्याची चिठ्ठी टेसी हचिन्सनकडे निघते आणि गाव तिला दगडांनी ठार मारते. सगळे दोन तासांच्या आत आटोपते, कारण लोकांना दुपारच्या जेवणाला घरी जायचे असते.

आपल्याकडील वर्गांतून ही कथा बहुधा ‘धक्कादायक शेवटाची कथा’ म्हणून शिकविली जाते. एकान्त वाचनात तो शेवट धक्का देतो हे खरेच. परंतु धक्का ही एकदाच मिळणारी वस्तू आहे. जी कथा आता सर्वांना ठाऊक आहे, ती वारंवार ऐकण्यात काही अर्थ असेल तर तो धक्क्यापलीकडे शोधावा लागेल. जाहीर वाचन नेमके हेच करते. शेवट ठाऊक असलेला श्रोता शेवटाची वाट पाहत नाही. तो जमाव पाहू लागतो, आणि या कथेचा विषय तो जमावच आहे.

किंबहुना या संहितेत ऐकण्याची एक संपूर्ण रचना दडलेली आहे. पुरुष ढिगापासून दूर उभे राहतात, हलक्या आवाजात विनोद करतात, हसण्याऐवजी स्मित करतात. नावे पुकारली जाऊ लागतात तशी शांतता दाट होत जाते. हचिन्सन कुटुंबाच्या दुसऱ्या फेरीत एक मुलगी आपल्या मैत्रिणीचे नाव निघू नये असे कुजबुजते आणि ती कुजबूज जमावाच्या कडेपर्यंत ऐकू जाते. धाकट्या डेव्हची चिठ्ठी कोरी निघते तेव्हा जमावातून एक सामूहिक निःश्वास उमटतो. पानावर वाचताना हे तपशील वातावरणनिर्मितीचे वाटतात. उघड्यावर, जमलेल्या लोकांमध्ये, ते अवस्थेचे वर्णन होतात : कुजबूज कडेपर्यंत पोचते आहे हे वाक्य कडेला बसलेल्या श्रोत्यापर्यंत पोचते, तेव्हा वर्णिलेली शांतता आणि प्रत्यक्षातील शांतता या दोहोंत भेद करणे कठीण होते.

याहून महत्त्वाचा तपशील विधीच्या इतिहासाविषयीचा आहे. निवेदक सांगतो की पूर्वी या प्रसंगी सोडत चालविणारा अधिकारी काहीएक पाठ म्हणत असे. तो पाठ बेसूर, उरकून टाकल्यासारखा असे. म्हणताना तो ठरावीक जागी उभा राही असे काहींना वाटते, तर त्याने लोकांमधून फिरायचे असे, अशी इतरांची समजूत आहे. पण विधीचा हा भाग फार पूर्वीच गळून पडला आहे. या उल्लेखाकडे समीक्षेने परंपरेच्या झिजेचा पुरावा म्हणून पाहिले. जाहीर वाचनाच्या संदर्भात त्याला वेगळाच अर्थ येतो. लोकांसमोर उभे राहून, दरवर्षी, त्याच तारखेला, तोच मजकूर म्हणणारा माणूस कोण? तो हरवलेला पाठक तोच. वाचणारी व्यक्ती स्वतःला कथेच्या बाहेरची समजत असते. परंतु कथेने तिच्यासाठी एक जागा आधीच मोकळी ठेवलेली आहे. अ‍ॅडम्स, अ‍ॅलन, अँडरसन या क्रमाने ती नावे पुकारू लागली की ती समर्सच्या आवाजात बोलत असते. रंगमंचावरचे उच्चारण पोकळ असते, ते कृती घडवीत नाही, असे जे. एल. ऑस्टिन याने म्हटले आहे. येथेही नाव पुकारल्यावर कोणी पुढे येत नाही, हे खरे. पण नाव आणि त्यानंतरचा क्षणभराचा विराम यांत ‘आता कोण?’ ही अपेक्षा निर्माण होते, आणि तेवढी कृती त्या पोकळ म्हटलेल्या उच्चारणानेही घडविलेली असते.

३

दुसरा मुद्दा हास्याचा. टेसी उशिरा येते. आजचा दिवसच आपण विसरलो, असे ती शेजारच्या श्रीमती डेलाक्रॉय यांना सांगते आणि दोघी हळूच हसतात. समर्सने गमतीने टोकल्यावर ती भांडी घासायची राहिल्याचे कारण देते आणि जमावात हास्याची लाट पसरते. जाहीर वाचनात श्रोतेही येथे हसतात; संवाद लिहिलाच तसा आहे. हे हास्य स्वाभाविक आहे, निरागस आहे आणि गावकऱ्यांच्या हास्याइतकेच आहे. पुढे हीच श्रीमती डेलाक्रॉय दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा मोठा दगड निवडते. एकट्या वाचकाला येथे मैत्रीतील विश्वासघात दिसतो. समूहात हसून झालेल्या श्रोत्याला मात्र हसणे आणि दगड उचलणे यांच्यामधले अंतर किती कमी आहे, हे जाणवते.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. तेथेही खेळ म्हणून सुरू झालेला अभिरूप खटला एका बाईच्या छळात परिणत होतो आणि आरंभी हसलेला प्रेक्षक पुढे आपल्या हसण्यापाशी अडखळतो. परंतु भेद लक्षात घेण्याजोगा आहे. नाट्यगृहात प्रेक्षक अंधारात असतो. छळणारी माणसे उजेडात, रंगमंचावर असतात. अंधार हा प्रेक्षकाचा आडोसाही असतो. उघड्यावरील वाचनात पात्रे कोठेच नसतात. समोर एक वाचणारी व्यक्ती, हातात कागद आणि सभोवार उजेडात एकमेकांना दिसणारी माणसे. कथेतील चौकाची जागा भरून काढायला श्रोत्यांखेरीज दुसरे कोणीच उपलब्ध नसते.

आपल्या रसचर्चेच्या परिभाषेत बोलायचे तर येथे साधारणीकरणाची प्रक्रिया अडते. भट्टनायकापासून आपण असे मानत आलो की कलानुभवात ‘माझे’ आणि ‘परक्याचे’ ही बंधने गळून पडतात आणि म्हणून आस्वाद शक्य होतो. ‘द लॉटरी’च्या जाहीर श्रवणात बंधने गळतात, पण सुटका होत नाही. श्रोता व्यक्तित्वातून मुक्त होतो तो समूहात अडकण्यासाठी. ही अडचण हा या अनुभवाचा दोष नव्हे; ती त्याची फलनिष्पत्ती आहे.

कथा प्रसिद्ध झाल्यावर त्या उन्हाळ्यात जॅक्सनला तीनशेहून अधिक पत्रे आली. १९६० साली दिलेल्या एका व्याख्यानात तिने त्या पत्रांची हकीकत सांगितली आहे. कित्येकांना अशा सोडती कोठे होतात आणि तेथे जाऊन त्या पाहता येतील काय, हे जाणून घ्यावयाचे होते. या विचारणेला आपण हसतो. पण जाहीर वाचनाला जमलेले लोक एका परीने तेच करायला आलेले असतात. फरक एवढाच की पाहायला आलेल्यांना येथे बाजूला उभे राहण्यासाठी वेगळी जागा नसते.

४

येथे एक आक्षेप संभवतो. उघड्यावर वारा असतो, रस्त्याचे आवाज असतात, मुले इकडेतिकडे करतात. सूक्ष्म सूचकता असलेली कथा अशा ठिकाणी उथळ होणार नाही काय? मराठीत हा आक्षेप नवा नाही. साठच्या दशकात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथाकथनाचे कार्यक्रम केले आणि ग्रंथालयाची पायरी न चढलेल्या माणसांपर्यंत कथा नेली. त्याच वेळी, कथाकथनामुळे कथा किश्श्याकडे झुकते, लेखक श्रोत्यांच्या हशाला बांधला जातो, अशी कुरकुरही झाली. ती सर्वस्वी निराधार नव्हती.

परंतु येथे ‘कथन’ आणि ‘वाचन’ यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. कथनात सांगणारा श्रोत्यांचा कल पाहतो, लांबवतो, आवरतो, प्रसंगी भर घालतो. वॉल्टर बेन्यामिनने १९३६ साली लेस्कॉव्हवरील निबंधात ज्या कथेकऱ्याचे वर्णन केले, तो असा अनुभवाची देवघेव करणारा आहे. वाचनात हे स्वातंत्र्य नाही. वाचणारा संहितेला बांधलेला असतो. आपल्याकडे याची परंपरा कथाकथनाहून जुनी आहे : चातुर्मासात देवळाच्या मंडपात किंवा ओसरीवर ‘पोथी लावली’ जाते तेव्हा वाचणाऱ्याकडून अभिनयाची अपेक्षा नसते, ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ यातील ओवी ठरलेली, चाल ठरलेली, आणि कथा तर सर्वांना आधीच ठाऊक. तेथे श्रवण हेच कर्म आहे. ‘द लॉटरी’ची जात कथनाची नाही, पोथीची आहे. तिचा निवेदक कोणाच्या मनात शिरत नाही, कशाचा निषेध करीत नाही. हवामान सांगावे तशा स्वरात तो हत्येपर्यंत येतो. अशी कथा अभिनयाने वाचली, टेसीचा आक्रोश रंगवला, शेवटी आवाज चढवला, की श्रोता पुन्हा प्रेक्षक होतो आणि सुखरूप सुटतो. सपाट वाचन ही येथे वाचकाची मर्यादा नसून संहितेची मागणी आहे. वाऱ्याचा, मुलांचा आवाजही मग व्यत्यय राहत नाही; कथेच्या चौकातही मुले आहेतच, आणि कोणीतरी धाकट्या डेव्हच्याही हातात काही खडे देतेच.

५

ही कथा मराठीत, मराठी श्रोत्यांपुढे उघड्यावर वाचायची झाली तर कोणते प्रश्न उद्भवतील? पहिला प्रश्न शीर्षकाचा. मराठीत ‘लॉटरी लागणे’ म्हणजे अकल्पित भाग्य उघडणे. त्यामुळे मूळ शीर्षकातील उपरोध आपोआप मिळतो, ‘सोडत’ किंवा ‘चिठ्ठ्या’ असे भाषांतर केल्यास तो निसटतो.

दुसरा प्रश्न सर्वनामाचा, आणि तो अधिक मूलगामी आहे. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचन एकच आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन आहेत, आणि दर वेळी ऐकणाऱ्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे याचा निर्णय बोलणाऱ्याला करावाच लागतो. उशिरा आलेल्या टेसीला समर्स म्हणतो की तिच्यावाचूनच सुरुवात करावी लागणार असे वाटले होते. हे कोणाला वाटले होते? मराठीत येथे ‘आम्हांला’ हेच रूप सहज येईल, आणि त्या एका रूपाने टेसी चिठ्ठी निघण्याच्या कितीतरी आधी गावाबाहेर पडलेली असेल. सोडत बंद केली तर सगळ्यांवर कंदमुळे खाण्याची पाळी येईल, अशा आशयाचे म्हातारा वॉर्नर बोलतो, तेथे मात्र ‘आपण’ लागेल. हे ‘आपण’ पानावर गावापुरते राहील; जमलेल्या लोकांपुढे उच्चारले की त्यात समोरचे सर्व जण येतील. निवेदक स्वतः कोठेही प्रथमपुरुष वापरीत नाही. शेवटच्या वाक्यात तर तो जमावाला ‘ते’ म्हणतो. अर्धा तास ‘आपण’ ऐकलेल्या श्रोत्याला हे ‘ते’ आपल्याविषयी नाही असे म्हणणे अवघड जाईल.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. नावे मूळचीच ठेवावीत की मराठी करावीत? मूळची ठेवली तर कथा दूर देशी राहते. मराठी केली तर एक असत्य तिच्यात शिरते. जॅक्सनच्या गावात पेटी सर्वांना सारखी आहे. कोळशाच्या व्यापाऱ्यालाही चिठ्ठी काढावी लागते. स्त्रियांना तेथे घरातील पुरुषाच्या हाताने नशीब मिळते, ही विषमता आहेच. तरी बळी कोण हे चिठ्ठीवर ठरते. आपल्या गावात बळी चिठ्ठीवर ठरत आला नाही. तो जन्मावर ठरत आला. आडनाव पुकारताच येथे जात कळते, आणि कित्येक आडनावे चौकात पुकारलीच जाणार नाहीत, कारण ती माणसे गावकुसाबाहेर होती. बाबूराव बागूल यांच्या १९६३ सालच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत माराचा धनी होणाऱ्या माणसाचा अपराध आधीच ठरलेला आहे. तेथे पेटी उघडावी लागत नाही, जात उघडी पडली की पुरते. म्हणून ‘द लॉटरी’ ही आपल्याच गावाची कथा आहे, असे उदारपणे म्हणणे हा घाईचा सार्वत्रिकतावाद होईल. यदृच्छेने येणारी हिंसा आणि व्यवस्थेने नेमून दिलेली हिंसा यांत भेद आहे. गावच्या पारावर ही कथा वाचली गेली तर तिच्यातील ‘आपण’ या शब्दाने पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे की या पारावर बसण्याचा अधिकार कोणाला होता. जो प्रश्न पुस्तकाच्या पानाला विचारता येत नाही, तो जागेला विचारता येतो. उघड्यावरील वाचनाचे समीक्षेच्या दृष्टीने मोल आहे ते यासाठी.

६

अर्थात या वाचनात एक धोकाही आहे, आणि कथेनेच तो सांगून ठेवला आहे. तिच्यातील गावकरी मूळ पेटी हरवून बसले आहेत, बराचसा विधी विसरले आहेत. दगड वापरायचे मात्र त्यांच्या लक्षात आहे. वर्षातून एकदा ठरलेल्या तारखेला अभिजात कृती वाचण्याचा प्रघात पडला की तिचेही हेच होऊ शकते. आशय गळतो, कार्यक्रम उरतो. लेखकांच्या जयंत्यांना होणारी आपल्याकडील अभिवाचने आठवावीत : संहिता कोणती यापेक्षा कोण वाचणार, सूत्रसंचालन कोण करणार, याचीच चर्चा अधिक. ज्या कथेने परंपरेच्या अर्थशून्य पुनरावृत्तीवर बोट ठेवले, तिचीच अर्थशून्य पुनरावृत्ती व्हावी, हा विपर्यास टाळायचा कसा?

त्याला एकच उपाय दिसतो : वाचनाचा शेवट गोड करण्याचा मोह टाळणे. पोथीची समाप्ती फलश्रुतीने आणि आरतीने होते, कथाकथनाची हशाने. दोन्ही प्रकारांत श्रोत्याला घरी जाण्याची परवानगी मिळते. ‘द लॉटरी’त अशी परवानगी देणारे वाक्य नाही. ती जेथे थांबते तेथे जमाव अजून चौकातच आहे. अशा वेळी आभारप्रदर्शन, कथेचे तात्पर्य किंवा लेखिकेच्या थोरवीचे चार शब्द म्हणजे श्रोत्यांना देऊ केलेली माफी ठरते. आणि टाळ्या? जमलेल्या सर्वांनी एकाच क्षणी, एकमेकांकडे पाहून, हात उचलणे ही कृती या कथेनंतर निष्पाप राहत नाही. वाचणाऱ्याने कागद मिटावा आणि पुढे काय करायचे हे श्रोत्यांवर सोडावे. कोणी आधी उठायचे, याचा निर्णय तेथे प्रत्येकाला एकट्याने करावा लागेल. कथेतील गावात हा निर्णय एकट्याने करणारे कोणीच नव्हते.